वर्ष बुडाले पोराचे, खाते कुणाच्या नावावर?

(लातूर-नांदेड जिल्हा बैठकीसाठी, औसा)



रास्त भावाची भाषा आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ बोलत आलो आहोत. भाव मिळाला नाही की कर्ज फिटत नाही, कर्ज थकले की सोसायटी दारात उभे करीत नाही, मग सावकार, मग जमिनीचा तुकडा. एवढे आता शेंबड्या पोरालाही कळते. पण भाव न मिळाल्याची आणखी एक वसुली आपल्या घरात चालू असते आणि तिच्यावर कुठल्याच बैठकीत ठराव होत नाही. तिची नोंद सातबाऱ्यावर नाही, सोसायटीच्या वहीत नाही. ती वसुली होते घरातल्या पोरापोरींच्या वर्षांतून.

कुणाची नववी दोनदा झाली. कुणाची दहावी दोन विषयांत अडकली. कुणी बारावीचा फॉर्म भरला, पण परीक्षेला बसलीच नाही. गाव म्हणते, पोरगं डोक्यानं कमी. शाळा म्हणते, पालकांचे लक्ष नाही. सरकारी अहवाल म्हणतो, गळती. बोलणारे तिघे, पण दोष तिघांच्याही मते आपलाच.

आमचे म्हणणे सरळ आहे. कोरडवाहू घरात पोराचे जे वर्ष बुडते, ते बहुतेक वेळा शेतीमालाच्या भावाने बुडवलेले असते. आणि एकदा बुडालेल्या त्या वर्षावर सरकार, बोर्ड, कॉलेज आणि नोकरीचे दार, सगळे मिळून व्याज लावत राहतात. मुद्दल एक वर्षाचे आणि वसुली जन्मभराची. हे व्याज बंद झाले पाहिजे.

पंचांग कुणाचे?

शाळेचे पंचांग आणि शेताचे पंचांग समोरासमोर ठेवून बघा. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि त्याच वेळी मृगाची पेरणी असते. श्रावण-भाद्रपदात खुरपणी. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी. नेमकी याच दिवसांत सहामाही असते आणि येळवस होते न होते तोच पूर्वपरीक्षेची गडबड सुरू होते. माघ-फाल्गुनात टाळकी ज्वारी काढणीला येते. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि कणसे रानात राहिली तर पाखरे थांबत नाहीत. याच दिवसांत बोर्डाची परीक्षा. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे रास अंगणात यायची आणि पेपर बाकावर यायचा एकच मुहूर्त.

नापास झालेल्यांसाठी फेरपरीक्षा ठेवली आहे. २०१५ पर्यंत ती ऑक्टोबरात होत असे. त्या वर्षापासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच घ्यायला सुरुवात झाली, जेणेकरून पोराचे वर्ष वाचावे. हेतू चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण २०२५ ची फेरपरीक्षा सुरू झाली २४ जूनला. शहरातल्या पोराला जून म्हणजे नवी वही आणि नवा दप्तर. आपल्या पोराला जून म्हणजे तिफणीमागे चालायचे दिवस. पाऊस पडला तर पेरणी उद्यावर टाकता येत नाही. एका दिवसाचा वाफसा गेला तर हंगाम गेला.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट याहून कठीण. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आसपास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो आणि गाव पुन्हा दिसते ते मार्च-एप्रिलात. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे, काही गावांत चालतेही. पण दहावी-बारावीचे पोर आईबापाच्या कोयत्याला हातभार लावण्याच्या वयाचे झालेले असते. त्याला मागे ठेवणे म्हणजे फडातला एक हात कमी करणे.

कुणी म्हणेल, मग पंचांग काय गावागावाप्रमाणे बदलायचे? बदलतेच की. वेळ अमावास्येला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी मिळते. सरकारला माहीत आहे की त्या दिवशी जिल्ह्यातला माणूस घरी नसतो, रानात असतो. जेवणाच्या दिवसासाठी शेताचे पंचांग मान्य करणारे सरकार कामाच्या दिवसांसाठी ते का मानत नाही, एवढेच आम्ही विचारतो.

दहा हजाराला एक वर्ष

आता हिशोब करू. आकडे प्रत्येकाने आपल्या घरचे घालावेत, आम्ही फक्त रीत दाखवतो.

धरून चला की वेचणीचा दर किलोला दहा रुपये आहे. पंधरा-सोळा वर्षांचे पोर दिवसाला पंचवीस किलो वेचते. म्हणजे दिवसाचे अडीचशे रुपये. वेचणीच्या हंगामात ते चाळीस दिवस शाळेऐवजी रानात राहिले, तर घराची मजुरी वाचली दहा हजार रुपये. या दहा हजारासाठी पोराची पूर्वपरीक्षा बुडाली, गणित आणि इंग्रजी हातून गेले, आणि फेब्रुवारीत ते आधीच हरून परीक्षेला बसले.

आता दुसरी बाजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर केला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरच्या कापसाला दार सताड उघडे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दहा क्विंटल कापूस निघाला आणि व्यापाऱ्याने तो हमीभावापेक्षा हजार रुपये कमी दराने घेतला असे धरा. तोटा किती? दहा हजार रुपये.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. क्विंटलमागे हजार रुपये सुटले की घर ते दहा हजार पोराच्या चाळीस दिवसांतून भरून काढते. बापाला हौस नसते. सालाला, खताला, दुकानदाराला देण्यासाठी दुसरीकडून आणायचे कुठून? ज्वारीचेही तेच. २०२५-२६ ला मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये ठरला. तो भाव आपल्या आडत बाजारात किती जणांच्या पट्टीवर लागला, हे बैठकीत हात वर करून सांगावे.

हमीभाव ठरवणारा कृषिमूल्य आयोग खर्चाचे रकाने मांडतो. बियाणे, खत, बैल, डिझेल आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा त्यात धरतो. २०१८-१९ पासून सरकार सांगते की हा खर्च अधिक पन्नास टक्के असा भाव आम्ही देतो. पण वेचणीला थांबलेल्या पोराची दहावी कोणत्या रकान्यात धरली आहे? घरच्या मजुरीचा दर शेतमजुराचा आणि जे वर्ष बुडाले त्याची किंमत शून्य. शेतीच्या उत्पादन खर्चातला हा सर्वांत महाग खर्च आहे आणि तोच हिशोबाबाहेर ठेवलेला आहे.

शब्द बदलला, दार नाही

बोर्डाने अलीकडच्या काळात एक सुधारणा केली. गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' लिहायचे बंद केले. आता लिहितात, 'कौशल्य विकासासाठी पात्र'. पोराला लाज वाटू नये हा विचार चांगला. पण कौशल्य विकासाला पात्र ठरवलेल्या पोराला ते कौशल्य कोणत्या गावात, कोणत्या एस.टी.ने जाऊन, कोणाच्या पैशाने शिकायचे, हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते. नोटिसीवर 'थकबाकीदार' ऐवजी 'परतफेडीस पात्र' लिहिले म्हणून काही बँक दारात यायची थांबत नाही.

निकालाच्या टक्क्यांवरही फार जाऊ नका. २०२५ ला राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. पेपरात हार-तुऱ्यांचे फोटो आले. पण हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा आहे. जे नववीतच थांबले ते त्यात नाहीत. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला, त्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आधी आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नव्हते. २०१९ ला केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ ला महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नववीला मात्र कायद्याचे छत्र संपलेले असते. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर कच्चे पोर नववीतच अडकवून ठेवणे काही शाळांना सोपे वाटते. नववीत दुसऱ्यांदा बसलेले पोर पोळ्यापर्यंत शाळेत येते, नंतर येत नाही. त्याचे नाव कुठल्याच निकालात नापास म्हणून येत नाही. ते फक्त दिसेनासे होते.

लातूर पॅटर्नचे नाव देशभर झाले. आम्हाला त्याचा अभिमान आहे, कारण त्या बाकांवर शेतकऱ्यांची पोरेही बसली, डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. पण औसा ते लातूर अंतर वीस किलोमीटर असले तरी तिथल्या क्लासची फी लाखाच्या घरात गेली आहे. गुणवत्ता यादीत आलेल्यांचे फलक चौकाचौकात लागतात. पाऊल चुकलेल्या पोराने परत कसे यावे, याचा पॅटर्न कोणी काढला नाही. खरी गरज त्या पॅटर्नची आहे.

दारोदारचे व्याज

वर्ष बुडाले म्हणजे नेमके काय बुडते ते एकेक दार बघून मोजू.

पहिले दार अकरावीचे. दहावीला दोनपर्यंत विषय राहिले तर ए.टी.के.टी.ने अकरावीला बसता येते. पण ते विषय सुटल्याशिवाय बारावी नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पोराने फॉर्म भरायला महा-ई-सेवा केंद्रात दिवस घालवायचा, फेरीची वाट बघायची, आणि फेरपरीक्षेचा निकाल येईपर्यंत जवळच्या कॉलेजातल्या जागा पुढच्यांनी घेतलेल्या असतात.

दुसरे दार फी-सवलतीचे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटींत लिहिले आहे की शिकत असताना दोन वा अधिक वर्षांचा खंड नसावा. ज्या राजाने गोरगरिबांसाठी वसतिगृहे उघडली त्याच्या नावाच्या योजनेत दुष्काळाने थांबलेल्या पोराला सवलत नाही. दोन ओळीने नापिकी झाली, पोर दोन वर्षे सालाने राहिले आणि तिसऱ्या वर्षी कॉलेजात परतले, तर कारकून विचारतो, खंड का पडला, प्रतिज्ञापत्र आणा. पाऊस पडला नाही याचे प्रतिज्ञापत्र पोराने करून द्यायचे?

२०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. चांगली गोष्ट. पण ती माफी बारावीच्या पुढे सुरू होते. दहावीला अडकलेली पोर तिथपर्यंत पोचायची कशी?

तिसरे दार वर्दीचे. आपल्या पोरांची सगळ्यांत मोठी आशा फौज आणि पोलीस. पहाटे औसा-लातूर रस्त्यावर धावणारी पोरे बघा. फौजेतल्या अग्निवीराच्या साधारण जागेला दहावी पास आणि एकूण ४५ टक्के लागतात, आणि वयाचे दार विशी ओलांडताच बंद होते. दोन वर्षे दहावीत गेली, दोन वर्षे ऊसतोडीत गेली, की छाती भरली, धाव आली, पण वय निघून गेले. पोलीस शिपायाला बारावी लागते.

चौथे दार गावातले. पूर्वी अंगणवाडीत मदतनीस व्हायला सातवी पुरत असे. २०२३ पासून सेविकेला आणि मदतनीसालाही बारावी लागते. गावात बाईमाणसाला मिळण्यासारखी ही एकच सरकारी जागा. जिची दहावी वेचणीत गेली तिला आता गावच्या अंगणवाडीतही उभे राहता येत नाही. मग घरचे म्हणतात, शिकून तरी काय करायचे, आणि अठराच्या आतच स्थळे बघायला सुरुवात होते. वर्ष बुडाल्याचे व्याज पोरीला असे भरावे लागते.

आणि गंमत बघा. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. म्हणजे चाळिशीपर्यंत माणूस नव्याने नोकरीला उभा राहू शकतो हे सरकार मानते. पण एकोणिसाव्या वर्षी अकरावीच्या बाकावर बसलेला पोरगा त्याच सरकारच्या शिष्यवृत्तीला उशिराचा वाटतो.

'नियमाला इलाज नाही' हे खरे नाही

या प्रत्येक दारात एकच उत्तर मिळते. नियमाला इलाज नाही. आपल्याच मुलखाचा इतिहास सांगतो की इलाज असतो.

१९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. उस्मानिया विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्यांची वर्षे बुडाली असती, शिक्षणच संपले असते. पण नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि या पोरांना दाखल करून घेतले. कुणी विचारले नाही की खंड का पडला. त्या काढून टाकलेल्यांत एक पी. व्ही. नरसिंह राव होते. १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. नागपूरने दार लावून घेतले असते तर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली. आपल्या औसा तालुक्यात आणि शेजारच्या उमरगा-लोहारा भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. शाळा पडल्या, घरे पडली, पोरे पोरकी झाली. तेव्हा भारतीय जैन संघटनेने या भागातली सुमारे १,२०० पोरे पुण्याला नेली, ठेवून घेतली आणि शिकवली. मनात आणले तर पोरांचे शिक्षण ढिगाऱ्याखालूनही बाहेर काढता येते, हे किल्लारीने दाखवले. भूकंप एका पहाटेत झाला म्हणून सगळ्यांना दिसला. दुष्काळ तीन-तीन वर्षे चालतो आणि कुणाची भिंत पडत नाही, म्हणून तो दिसत नाही. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा देशाला कळले की इथे काही घडते आहे. त्या वर्षी दप्तर बाजूला ठेवून टँकरमागे रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांसाठी कोणतीही रेल्वे आली नाही.

२०२१ ला कोरोनाच्या साथीत दहावीची परीक्षाच रद्द झाली. शाळेतल्या गुणांवर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. ते चूक होते असे आम्ही म्हणत नाही. जीव महत्त्वाचा होता. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. बोर्डाचे वेळापत्रक ही दगडावरची रेघ नाही. संकट शहराच्या दारात आले की ती पुसता येते.

२०१९ ला आणखी एक अट एका फटक्यात गेली. मालाची गाडी चालवण्याच्या लायसनला आठवी पास लागत असे. देशाला ड्रायव्हर कमी पडू लागले आणि केंद्र सरकारने ती अट काढून टाकली. 'इंडिया'ला गरज पडली की अट जाते. 'भारता'ला गरज पडली की नियमाला इलाज नसतो.

शाळा सोडून मोठे झालेल्यांचे दाखले

काही भले लोक आपली समजूत घालतात. अमुक थोर माणूस शाळा शिकला नव्हता, तमुक शास्त्रज्ञ नापास झाला होता. असे दाखले ऐकून घेऊ नका. एक मोठा झाला म्हणून हजार थांबलेल्यांचा प्रश्न सुटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले होते. पण त्यांनी पोरांना 'शाळा सोडा आणि माझ्यासारखे व्हा' असे सांगितले नाही. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहे बांधली आणि कमवा व शिका ही रीत घालून दिली. पोराला काम करावे लागते हे त्यांनी मानले आणि कामाच्या बाजूला शाळा उभी केली. काम आणि शिक्षण यांचे भांडण लावून पोराला एक निवडायला सांगितले नाही. आम्ही जे मागतो आहोत ते यापेक्षा वेगळे नाही.

आज उघडी असलेली दारे

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर घरातले पोर बसून राहता कामा नये. जी दारे आज उघडी आहेत ती बैठकीत वाचून दाखवा, कारण बऱ्याच घरांना ती माहीतच नसतात.

एक. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. पोळ्यापासूनच शाळेत चौकशी करा, जानेवारीत जागे होऊन उपयोग नाही.

दोन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी असते, एकेक विषय सोडवत जाता येते आणि बोर्डात पास झालेल्या काही विषयांचे गुण तिकडे नेता येतात. गणिताची सक्ती नाही. पण पुढे ज्या कामाला गणित लागते ते करायचे असेल तर गणित सोडू नका. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आता आहे.

तीन. आय.टी.आय.ला चौदा वर्षे पूर्ण लागतात, वरच्या वयाची अट नाही. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम असे काही अभ्यासक्रम दहावी न झालेल्यांनाही मिळतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून भाषेचे विषय दिले तर दहावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. इलेक्ट्रिशियनला मात्र दहावी लागते.

चार. बारावी झाली की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शेती सांभाळून पदवी घेता येते. हे विद्यापीठ १९८९ ला निघाले ते अशाच माणसांसाठी. चाळिशीतल्या मायबहिणींनीही तिथून पदव्या घेतल्या आहेत.

पाच. दहावी सुटली की कृषी विद्यापीठांची मराठीतली दोन वर्षांची कृषी पदविका आहे. आपल्याकडे ती परभणीच्या विद्यापीठाची.

ही दारे उघडी आहेत, पण दारापर्यंत रस्ता नाही, हेही खरे. १७ नंबरचा फॉर्म भरला म्हणजे परीक्षेला बसायचा हक्क मिळतो, शिकवणारा मिळत नाही. गणिताच्या पेपराला पोर रिकाम्या हाताने जाते आणि पुन्हा नापास होते. म्हणून पुढचे ठराव.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. दुष्काळ किंवा नापिकी जाहीर झालेल्या महसूल मंडळातल्या विद्यार्थ्याचे त्या वर्षाचे शिक्षण थांबले असेल, तर तो खंड कोणत्याही शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला वा प्रवेशाला खंड म्हणून धरू नये. त्यासाठी पोराकडे प्रतिज्ञापत्र मागू नये. आणेवारी तहसील कार्यालयात असते, ती त्यांनी बघावी.

२. दहावी-बारावीची एक जादा फेरपरीक्षा खरिपाची कामे उरकल्यावर आणि वेचणीचा भर येण्याआधी घ्यावी. केंद्र तालुक्याला असावे.

३. १७ नंबरने बसणाऱ्या आणि फेरपरीक्षेच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक तालुक्यात एका सरकारी वा अनुदानित शाळेत संध्याकाळी गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवले जावे. शिक्षकांना त्याचे वेगळे मानधन द्यावे.

४. अंगणवाडी मदतनीसाच्या जागेसाठी दहावी झालेल्या स्थानिक महिलेला घ्यावे आणि नोकरीत असताना बारावी करण्याची मुदत द्यावी.

५. नववीत मागे ठेवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आणि पुढच्या जूनला तो कुठे आहे याची नोंद शाळेने ग्रामसभेत वाचून दाखवावी. दहावीच्या निकालाबरोबर हाही निकाल लावावा.

६. कृषिमूल्य आयोगाने घरच्या मजुरीत अठरा वर्षांखालील मुलाचे काम गृहीत धरू नये. ते काम मोठ्या मजुराने, पूर्ण मजुरीने केले असते तर खर्च किती झाला असता, त्यावर भाव काढावा.

सहावा ठराव शेवटी लिहिला असला तरी तोच पहिला आहे. बाकी पाच ठराव मान्य झाले तरी कापूस आणि ज्वारी तोट्यात विकली जात राहिली, तर पोर पुन्हा रानातच जाईल. भाव मिळाला तर बापाला कुणी सांगावे लागत नाही. तो स्वतः पोराला शाळेपर्यंत सोडून येतो.

एक गोष्ट मात्र सरकारच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. यंदा तुमच्या गावात ज्याचे वा जिचे वर्ष गेले, त्याला 'नापास' म्हणून हाक मारू नका. पोरगी असेल तर लग्नाची घाई करू नका, पोरगा असेल तर मुकादमाच्या उचलीवर अंगठा देऊ नका. अशा प्रत्येक पोराचे नाव, इयत्ता आणि राहिलेले विषय लिहून कागद बैठकीला आणा. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या या याद्या एकत्र करून आम्ही त्या विभागीय मंडळाच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत. तोंडी कैफियतीला सरकार दाद देत नाही. गावागावातून आलेली यादी मात्र कारकुनाला ड्रॉवरमध्ये घालता येत नाही, फार मोठी असते.

तुमच्या गावाची यादी आणायला विसरू नका.